खडकवासला: पाण्याला जायची वाट

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर गाडी लावायला जागा मिळाली तर नशीब समजायचं. कणसाच्या शेगड्यांचा धूर, कांदाभजी, भिजलेली पोरं आणि समोर पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलेलं पाणी. नवखा माणूस ते बघून म्हणतो, पुण्याला पाण्याची काय कमी? जुना पुणेकर मात्र सकाळी पेपरातल्या चौकटीतले चार आकडे बघून आलेला असतो. टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, खडकवासला १.९७. ही चार धरणांची उपयुक्त साठवणक्षमता, टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. चौघांची बेरीज २९.१५ टीएमसी. ज्या तळ्याकाठी आपण भजी खातो, त्याचा या बेरजेतला वाटा पंधराव्या हिश्श्याच्या आसपास.

तरी प्रकल्पाला नाव त्याचंच: खडकवासला साखळी. कारण वरच्या तिन्ही धरणांचं पाणी खाली यायचं तर याच तळ्यातून येतं. इथूनच ते बंद जलवाहिनीने पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्राला जातं, इथूनच कालव्याने हडपसर, दौंड, इंदापूरकडे, आणि पावसाळ्यात तळं भरलं की इथूनच मुठेत. वरची तीन धरणं रांजण, खडकवासला त्यांची तोटी.

धरणाबद्दल आपला पहिला प्रश्न असतो, किती पाणी अडलं? खडकवासल्याचा दीडशे वर्षांचा प्रवास बघताना मला सारखं वाटत राहिलं की इथे अडवण्याने फारसं कुणाला छळलं नाही. अडलेलं पाणी बाहेर कसं जाणार, कधी, किती आणि कुणाच्या दारात, घोळ झाले ते तिथे. १९६१ च्या पानशेत पुराचा तर सरळसरळ तिथलाच.

हौद, बंड आणि फाईफचं तळं

धरणाआधीही पुणं तहानलेलं नव्हतं. अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात आणलं गेलं. शहरात ते हौदांत पडायचं. 'काळा हौद', 'सदाशिव पेठ हौद' ही नावं आज पत्ता सांगायला उरली आहेत, पण एकेकाळी ती पाणवठ्यांची नावं होती. या व्यवस्थेला पंप लागत नव्हता. डोंगरातलं पाणी उताराने यायचं, हौद भरला की जादा पाणी पुढे निघून जायचं. पुढे १८५० च्या आसपास सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून संगमाच्या खाली मुळा-मुठेवर बंधारा झाला आणि नदीचं पाणी वर चढवून शहराला द्यायची सोय झाली. त्याच बंडावरून 'बंडगार्डन'. तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना या नावातला 'बंड' ओळखू येतो कोण जाणे.

लष्कराची छावणी, खडकीची छावणी, वाढतं शहर आणि पूर्वेकडचा पावसाच्या छायेतला कोरडा मुलूख, या सगळ्यांना एकाच दगडात पाणी द्यायचं म्हणून इंग्रज सरकारच्या पाटबंधारे खात्यातले लष्करी अभियंता फाईफ यांनी मुठेवर, खडकवासल्याला, धरण आखलं. काम १८६९ च्या सुमारास सुरू झालं आणि दहाएक वर्षांत उभं राहिलं. दगड आणि चुना, उंची पायापासून शंभर फुटांच्या घरात. त्या काळच्या हिंदुस्थानात एवढी मोठी दगडी धरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. तळ्याला नाव पडलं 'लेक फाईफ'. दोन कालवे निघाले. डावा तोकडा, उजवा लांबलचक, शहराच्या अंगाला घासून पूर्वेला पाटसकडे जाणारा.

या जन्मकुंडलीतली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी लागते. धरण एकट्या पुण्याचं कधीच नव्हतं. शेतीचा वाटा पहिल्या दिवसापासून होता, आणि शहराचं पाणी शेतीच्या कालव्यातूनच उचललं जात होतं. आज पुणेकर 'आमचं धरण' म्हणतो आणि दौंडचा शेतकरी 'आमचं पाणी' म्हणतो. दोघंही खोटं बोलत नाहीत.

फाईफच्या तळ्याचा एक दोष लवकरच दिसू लागला. पावसाळ्यात सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी जायच्या वाटेवरून, पाणी बेसुमार वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तळ आटायचा. सांडव्याची भिंत उंच करून जास्त पाणी अडवता आलं असतं, पण मग मोठ्या पुराला जायला वाट अरुंद झाली असती. जुन्या दगडी भिंतीवर तो भार कोण टाकणार? हा पेच सोडवला पुण्याच्याच विज्ञान महाविद्यालयात शिकून मुंबई सरकारच्या नोकरीत आलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. १९०३ मध्ये त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पातळी ठरलेल्या रेषेपर्यंत असेल तर दरवाजे मिटलेले आणि सांडव्याच्या वर सुमारे ८ फूट जास्तीचं पाणी अडलेलं. रेषा ओलांडली की पाण्याच्याच जोरावर, प्रतिभाराच्या, म्हणजे दरवाज्याला तोलून धरणाऱ्या वजनाच्या, हिशेबाने दरवाजे उघडायचे. पातळी उतरली की परत मिटायचे. मध्यरात्री कुणी माणूस धावत जाऊन चाक फिरवायची गरज नव्हती. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर हीच कल्पना गेली.

मला या दरवाज्यांचं कौतुक त्यांच्या हुशारीसाठी कमी आणि त्यांच्यातल्या क्रमासाठी जास्त वाटतं. पाणी आठ फूट चढवायचं तर आधी ते उतरवायची सोय, आणि तीही माणसाच्या हातावर विसंबून न राहणारी. साठ वर्षांनी, त्याच नदीच्या वरच्या अंगाला, हा क्रम उलटा झाला.

एक पावसाळा आधी

स्वातंत्र्यानंतर पुणं वाढत होतं. १९५० मध्ये महापालिका झाली आणि १९६१ च्या शिरगणतीला शहर सहा लाखांच्या घरात पोचलं. खडकवासल्याचं छोटं तळं एकट्याने पुरेना. म्हणून मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेतला मातीचं मोठं धरण घ्यायचं ठरलं. काम १९५७ च्या सुमारास सुरू झालं आणि आखणीप्रमाणे ते १९६२ मध्ये संपायचं होतं. पण १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडवायचं, म्हणजे एक पावसाळा आधी, असा निर्णय झाला. नवं राज्य होऊन जेमतेम वर्ष झालेलं, सगळीकडे कामं लवकर पुरी करून दाखवायची हवा होती. हा निर्णय नेमका कुणाच्या आग्रहाने झाला यावर पुण्यात आजही वाद घालता येतो, आणि पुणेकर तो घालतातही.

मातीचं धरण कसं असतं ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मध्ये चिकणमातीचा गाभा, दोन्ही बाजूंनी मुरमाचा भराव, वरच्या अंगाला दगडांचं अस्तर. सगळं थरावर थर टाकून, रोलरने दाबून. अशी भिंत दगडी भिंतीपेक्षा स्वस्त आणि जिवंत असते, थोडी बसते, थोडी झिरपते, आणि नीट बांधली तर शतकभर उभी राहते. तिचे शत्रू दोन. एक, माथ्यावरून वाहणारं पाणी. दगडी धरण ते काही तास सोसतं, मातीचं सोसत नाही. आणि दुसरा, भरावातून आरपार जाणारी कुठलीही परकी वस्तू.

पानशेतला अशी परकी वस्तू होती विमोचक, साईटवरच्या बोलीत आउटलेट. धरणातलं पाणी खाली सोडायचं तर भरावाच्या तळातून एक नळ काढावाच लागतो. माती मऊ, नळ कडक. भराव बसतो, नळ बसत नाही. दोघांच्या मधल्या फटीतून पाण्याला वाट मिळाली की ते मातीचे कण घेऊन निघतं, वाट रुंदावते, आणि बाहेरून काही दिसायच्या आत भिंत आतून पोकळ झालेली असते. म्हणून नळाचं बांधकाम हा मातीच्या धरणातला सर्वात नाजूक भाग. पानशेतच्या बाबतीत तेव्हापासून वारंवार सांगितलं गेलं ते असं, की या नळाच्या कामात सळयांचं काँक्रीट न वापरता बिनसळईचे साधे काँक्रीटचे ठोकळे वापरले गेले.

त्याहून वाईट गोष्ट दरवाज्यांची. नळातून किती पाणी जाऊ द्यायचं ते ठरवणारे दरवाजे उचलण्याची यंत्रणा पावसाळा आला तरी पूर्ण बसलेली नव्हती. दरवाजे अर्धवट उघडे राहिले. अर्धवट उघड्या दरवाज्याखालून मोठ्या दाबाचं पाणी नळात शिरलं की नळ कधी गच्च भरतो, कधी अर्धा रिकामा होतो, हवा कोंडते, सुटते, आणि दाब सारखा खालीवर होत राहतो. घरातली तोटी अर्धी उघडल्यावर नळ कसा थरथरतो ते आठवा, आणि मग त्यावर डोंगराएवढा भराव ठेवून बघा.

जूनच्या शेवटापासून मावळात पाऊस कोसळत होता. तळं पहिल्यांदाच भरत होतं, आणि भरत होतं ते कुणाच्याही अंदाजापेक्षा वेगाने. अशा वेळी अभियंत्याच्या हातात एकच हत्यार असतं, पाणी सोडण्याचं. इथे तेच मोडकं होतं. दरवाजे आणखी उघडावेत तर ते हलत नाहीत, आणि हलले असते तरी नळाला आधीच हादरे बसत होते. मिटावेत तर तळं आणखी वेगाने चढणार. माझ्या मते पानशेत फुटलं ते या पेचात. १२ जुलै ही तारीख त्यानंतरची.

११ जुलैला नळाच्या वरचा भराव खचू लागला. माथा खाली बसत चालला, आणि चढतं पाणी आणि बसता माथा यांच्यातलं अंतर तासागणिक कमी होऊ लागलं. लष्कराच्या जवानांना बोलावलं गेलं. भर पावसात, रात्रभर, खचलेल्या भागावर वाळूची पोती रचली गेली. धरण त्यामुळे वाचणार नव्हतं. पण काही तास मिळाले, आणि त्या तासांची किंमत पुढे कळली. पाणी शहरात शिरलं ते दिवसाउजेडी. मध्यरात्री, झोपलेल्या पेठांवर ते आलं असतं तर काय झालं असतं याचा विचार त्या पिढीतली माणसं आजही करतात.

बुधवार

१२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेत फुटलं.

ते सगळं पाणी खडकवासल्याच्या तळ्यात आलं. मोठ्या रांजणातलं पाणी एकदम तांब्यात ओतावं तसा प्रकार. विश्वेश्वरय्यांचे दरवाजे नदीच्या पुरासाठी केलेले होते. वरचं अख्खं धरण एका सकाळी अंगावर येईल हे कुणाच्याच आखणीत नव्हतं. पाणी भिंतीच्या माथ्यावरून जाऊ लागलं, सुमारे नऊ फूट जाडीचं. फाईफची भिंत ते ओझं अंगावर घेऊन जवळपास चार तास उभी राहिली.

इथे थोडं गणित करण्याजोगं आहे. भिंतीला उलथवू पाहणारा पाण्याचा जोर खोलीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे खोली आठ टक्क्यांनी वाढली की जोर पाव हिश्श्याने वाढतो. शंभर फुटांवर नऊ फूट ऐकायला फार वाटत नाही, भिंतीला मात्र ते फार असतं. शिवाय पायाखालून शिरणारं पाणी भिंतीला वर उचलू बघतं, हा भाग फाईफच्या काळच्या आखणीत धरलाच जात नसे. फ्रान्समधलं बूझी धरण १८९५ मध्ये याच कारणाने फुटलं, तेव्हा जगभरच्या अभियंत्यांचे डोळे उघडले. खडकवासला त्याआधी सोळा वर्षं बांधून झालेलं होतं. एवढं असून ते चार तास टिकलं, ही त्या जुन्या गवंड्यांची करामत म्हणायची. दुपारी ते फुटलं.

आणखी एक विसंगती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाण्याचा जोर, धरणं, सांडवे, नद्या यांच्या प्रतिकृती करून अभ्यास करणारी देशातली अग्रगण्य संस्था, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा, खडकवासल्यालाच आहे. १९१६ मध्ये सुरू झालेली. ज्ञान हाकेच्या अंतरावर होतं.

पुढचं पुण्यातल्या प्रत्येक जुन्या घरात ठाऊक आहे. धरण फुटल्याची बातमी शहरात आली तेव्हा निम्म्या लोकांना ती अफवा वाटली. काही जण तर पूर 'बघायला' पुलांवर गेले, जसं दर पावसाळ्यात जायचे. मग पाणी चढू लागलं, ते थांबेना. लकडी पूल पाण्याखाली गेला. डेक्कन, नारायण पेठ, शनिवार पेठ, कसब्याचा नदीकडचा भाग, पुढे सोमवार, मंगळवार. संगमाशी मुळेच्या पाण्याचा अडसर, त्यामुळे मागे फुगवटा. वाड्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, सांगाडा लाकडाचा. पाण्याने वाडा वाहून नेला असं क्वचित झालं. बहुतेक ठिकाणी भिंती तळातून भिजल्या, आणि पाणी ओसरत असताना किंवा ओसरल्यावर बसल्या. वरच्या मजल्यावर सुरक्षित म्हणून थांबलेली माणसं त्यात सापडली.

मृतांचा आकडा हजाराच्या घरात सांगितला जातो. सरकारी नोंद आणि लोकांच्या तोंडचा आकडा यांत तेव्हाही अंतर होतं. घरं आणि संसार गेलेल्यांची संख्या मात्र हजारोंनी होती. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा उरला तो गाळ, सगळीकडे, गुडघाभर. तो गाळ काढायला शहराला आठवडे लागले. काही जुन्या इमारतींवर त्या दिवशीच्या पाण्याच्या रेषा अजून दाखवल्या जातात. नदीच्या आजच्या पात्राकडे बघून त्या रेषेवर विश्वास बसत नाही, इतकी ती उंच आहे.

आणि या सगळ्यात नळ कोरडे पडले. पुरात बुडालेल्या शहराला प्यायला पाणी नव्हतं, कारण धरण, तळं आणि कालव्याचं तोंड सगळंच गेलेलं. तेव्हा पुणेकर वळले ते पेशवाईकडे: वाड्यांमधल्या विहिरी उपसल्या गेल्या, कात्रजच्या पाण्याची आठवण झाली. दोनशे वर्षांपूर्वीची, पंप नसलेली सोय अडीअडचणीला धावली.

आयोग, आणि टेकडीकडे सरकलेलं शहर

चौकशीसाठी न्या. बावडेकर यांचा आयोग नेमला गेला. ते काम पुरं व्हायच्या आधीच बावडेकरांचा मृत्यू झाला आणि चौकशी न्या. नाईक यांच्याकडे गेली. आयोगापुढचा गाभ्याचा प्रश्न असा की काम एक वर्ष आधी संपवायची घाई का झाली, आणि अर्धवट विमोचकावर पाणी अडवू द्यायचं कुणी ठरवलं. प्रत्येक पायरीवर सही होती, आणि कुठलीच एक सही पुरेशी दोषी नव्हती. सरकारी कामांत असं होतं हे ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना त्यात आश्चर्य वाटणार नाही.

पुनर्वसनाची जबाबदारी स. गो. बर्वे यांच्याकडे आली. पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त म्हणून त्यांना शहराची गल्लीन्गल्ली माहीत होती. कामाचा झपाटा असा की पुण्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी सरकारी अधिकाऱ्याबद्दल बरा शब्द निघाला तर तो बहुधा बर्व्यांबद्दल असतो. अर्धगोल पत्र्याच्या निस्सन हटमध्ये काही कुटुंबं कैक महिने राहिली. मग गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आज सहकारनगरात भाव विचारायला जाणाऱ्याला सांगून खरं वाटणार नाही की इथल्या अनेक सोसायट्यांच्या जन्माच्या दाखल्यावर 'पूरग्रस्त' असं लिहिलेलं आहे. पेठेतल्या वाड्यात तीन पिढ्या एकत्र राहिलेली कुटुंबं फुटून दोन-दोन खोल्यांत गेली. पुण्यातलं वाडा नावाचं जगणं संपायला पुढे बिल्डर आले हे खरं, पण त्याची सुरुवात पाण्याने केली होती.

खडकवासल्याची भिंत पुन्हा बांधली गेली. पानशेतही पुन्हा बांधलं, या खेपेला अर्थातच विमोचक आधी. त्याच्या जलाशयाला नाव दिलं 'तानाजी सागर'. पुढे मोसे नदीवरच्या वरसगाव धरणाच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचं नाव मिळालं, कारण मोसे खोरं त्यांचं. नावं मावळ्यांची आणि पाण्याखाली गेलेली गावंही मावळ्यांचीच. धरणग्रस्तांपैकी अनेकांना दौंडच्या बाजूला लाभक्षेत्रात जमिनी मिळाल्या. भातखाचरातली माणसं काळ्या रानात, कालव्याच्या भरवशावर. ज्या पाण्यासाठी गाव सोडलं त्याचीच आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळीच्या, तारखांप्रमाणे वाट बघणं त्यांच्या नशिबी आलं.

तोटी कुणाच्या हातात

साखळी पुरी झाली तसं शहर वाढत गेलं, की शहर वाढलं म्हणून साखळी वाढली, हे अंडं-कोंबडीचं कोडं आहे. १९९० च्या दशकात वरसगाव, त्यानंतर खुद्द मुठेवर टेमघर. टेमघरच्या भिंतीची गळती २०१६ मध्ये गाजली, गुन्हे दाखल झाले, भिंतीत सिमेंटचं मिश्रण दाबून भरावं लागलं. चारांतलं सगळ्यात नवं धरण सगळ्यात आधी दुखण्याला आलं आणि फाईफच्या जागेवरचं मुकाट काम करत राहिलं.

नवा मुठा उजवा कालवा इंदापूरपर्यंत सुमारे २०२ किलोमीटर जातो. पाण्याचं वाटप ठरतं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली. बैठकीत एका बाजूला महापालिका, दुसऱ्या बाजूला ग्रामीण भागाचे आमदार. एका वर्षी दोन आवर्तनं द्यायची की तीन, यावर तिथे जे बोललं जातं ते पाटबंधारे खात्याच्या कुठल्याही नियमपुस्तकात सापडायचं नाही. कागदावर महापालिकेच्या वाट्याला आलं ११.५ टीएमसी, आणि त्याच्या बदल्यात शहराने ६.५ टीएमसी सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, शेतीच्या कालव्यात सोडायचं. प्रत्यक्षातला उपसा १८ टीएमसीच्या पुढे गेला. २०१७ आणि २०२१ मध्ये मिळून ३४ गावं महापालिकेत आली. पूर्वेच्या भागासाठी भामा आसखेडचं २.६७ टीएमसी जोडलं, तरी ओढाताण संपली नाही. जलसंपदा खातं म्हणतं तुम्ही जास्त पाणी उचलता, महापालिका म्हणते माणसं वाढली. आणि उचललेल्या पाण्यातलं सुमारे ४० टक्के गळतीत जातं, हे महापालिकेचंच म्हणणं.

मुंढव्याच्या जॅकवेलची कल्पना मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणी वाटते. शहराने प्यायलेलं पाणी पुन्हा शेताकडे गेलं पाहिजे, म्हणजे पाण्याच्या जायच्या वाटेचा विचार पहिल्यांदा करारात लिहिला गेला. फक्त शुद्ध करायचं ते पुरेसं शुद्ध होत नाही, आणि शेतकरी त्या पाण्याचा वास घेऊन काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही.

२७ सप्टेंबर २०१८ ला या वाटेने पुन्हा एकदा हिसका दाखवला. दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत सकाळच्या वेळी फुटली आणि जनता वसाहतीच्या परिसरातल्या घरांत पाणी घुसलं. पाऊस नाही, पूर नाही, निरभ्र दिवस. शेतीसाठी सोडलेलं पाणी वस्तीत. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भरावात बिळं केली, असं कारण सरकारकडून पुढे आलं आणि पुण्यात त्यावर महिनाभर विनोद झाले. खरं तर बिळांनी मातीचा भराव पोकळ होतो हे शास्त्राला धरूनच आहे. विनोदाचा भाग एवढाच की बिळं बुजवायची जबाबदारी खेकड्यांची नव्हती. शहराच्या पोटातून जाणारा हा उघडा कालवा बंद करून खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याने पाणी न्यायची योजना त्यानंतर जास्त जोराने बोलली जाऊ लागली.

बोगदा झाला की कालव्याचा प्रश्न सुटेल. नदीचा राहील. चारही धरणं भरली की पाणी सोडायची जागा एकच, मुठा, आणि मुठेच्या पात्रात मधल्या काळात बरंच काही येऊन बसलंय: रस्ता, पूल, राडारोड्याचे भराव, सोसायट्यांच्या भिंती. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफुटांच्या, घरात विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. वरून रात्रभर पडलेला पाऊस वेगळाच. सोडलेल्या पाण्याचा आकडा वेळेवर कळवला की नाही, यावर महापालिका आणि जलसंपदा एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. १९६१ च्या पुराच्या मानाने ते पाणी काहीच नव्हतं. पण तेव्हाची नदी रुंद होती.

आता जुलै लागला की मोबाईलवर संदेश यायला लागतात. 'खडकवासला धरणातून मुठा नदीपात्रात सुरू असलेला विसर्ग वाढवून सायंकाळी सहा वाजता अमुक हजार क्युसेक करण्यात येत आहे.' पेठेतला माणूस तो वाचून नदीपात्रातला सखल भिडे पूल बुडाला का विचारतो, कारण पुण्यात पावसाळा मोजायचं तेच माप आहे. एकता नगरीतला माणूस मात्र चप्पल घालून खाली उतरतो, आणि पार्किंगमधली गाडी काढून रस्त्याच्या वरच्या बाजूला लावून येतो.